वाचलेली मिनिटं कुणाची?

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून गिरणीची एक जुनी चिमणी दिसते. लोअर परळला अशा थोड्याच उरल्यात. तिच्यातून धूर येणं कधीच बंद झालंय. तिच्या पायथ्याशी आता कॅफे आहे, जिम आहे आणि माझ्यासारखे गळ्यात आयकार्ड घातलेले लोक कॉफीसाठी रांग लावून उभे असतात.

गेल्या वर्षी मी ठरवलं की आता शिस्तीत काम करायचं. सकाळी आल्या आल्या कामांची यादी, सगळ्यात अवघड काम आधी, नोटिफिकेशन बंद, फोनवर पंचवीस मिनिटांचा टायमर. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. खोटं कशाला बोलू, उपाय लागू पडला. सात वाजेपर्यंत रेंगाळणारं काम साडेपाचला आटपायला लागलं. तीन आठवडे मी उजेडात घरी गेलो. चौथ्या आठवड्यात आणखी एका प्रोजेक्टचं काम माझ्याकडे आलं. "तुझा स्पीड चांगलाय," असं कौतुकही झालं. पगार तोच राहिला आणि घड्याळात पुन्हा सात वाजायला लागले.

मी रोज दीड तास वाचवला होता. तो गेला कुठे?

हा प्रश्न मला नवा होता, पण त्या चिमणीखाली काम करून गेलेल्या लोकांना तो चांगलाच ओळखीचा होता. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास संपांचा आणि नंतर मॉलचा म्हणून सांगितला जातो. तोच इतिहास मिनिटांचा म्हणूनही वाचता येतो. आज आपण ज्याला 'प्रॉडक्टिव्हिटी' म्हणतो, त्यावरून या शहरात लाखभर माणसं सहा महिने भांडली होती.

सूर्य, भोंगा आणि ३९ मिनिटं

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत चिमण्यांचं रान उभं राहिलं. कामाला येणारी माणसं बहुतेक कोकणातली आणि घाटावरची होती. शेतीत काम भरपूर असतं, पण ते कामाच्या हिशेबाने चालतं. लावणी संपली की संपली. पाऊस आला की थांबायचं. मराठीत त्यासाठी सुंदर शब्द आहे: उरक. 'तिला कामाचा उरक आहे' असं आपण म्हणतो तेव्हा ती समोरचं काम भराभर संपवते आणि मोकळी होते, एवढंच म्हणायचं असतं. उरकण्यात संपणं गृहीत धरलेलं आहे.

गिरणीत काम उरकत नसे. एक ताका पुरा झाला की दुसरा सुरू. थांबायचं कधी, हे कापड ठरवत नव्हतं, उजेड ठरवत होता. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या साधारण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. म्हणजे हिवाळ्यात दिवस छोटा, उन्हाळ्यात पाळी लांब. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, असं त्यात होतं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल कायदा गप्प होता.

मग दिवे आले. १९०५ च्या सुमारास विजेच्या उजेडात गिरण्या रात्रीपर्यंत चालू लागल्या आणि चौदा-पंधरा तासांच्या पाळ्या झाल्या. अंधार पडला की घरी जायचं, हा निसर्गाने दिलेला एकमेव नियमही संपला. कामगारांनी संप केले, दंगे झाले. त्यानंतर सरकारी चौकश्या बसल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामावर पहिल्यांदा मर्यादा आली. ती होती दिवसाला बारा तास!

याच काळात आणखी एक गंमतशीर वाटणारी पण अजिबात गंमत नसलेली गोष्ट घडली. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली. तोपर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. आता हिशेब करून बघा. गिरणी 'सहा वाजता' सुरू होत असेल आणि घड्याळ नव्या वेळेवर लावलं, तर जुन्या हिशेबाने ती पाच वाजून एकवीस मिनिटांनीच सुरू झाली. सूर्य जागचा हलला नाही, पण माणसाला ३९ मिनिटं आधी उठावं लागलं. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवलं आणि गिरणीवर दगडफेक केली. सुशिक्षित मुंबईकरांचाही नव्या वेळेला विरोध होता. महापालिकेने तर पुढे चार दशकांहून जास्त काळ जुनीच वेळ पाळली. पण वर्तमानपत्रात पत्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा शहराच्या मानाचा प्रश्न होता आणि चाळीत झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने झोपेचा.

रविवार कुठून आला

आपण शुक्रवारी संध्याकाळी 'वीकेंड' म्हणतो तेव्हा तो कॅलेंडरबरोबर आपोआप आला असं वाटतं. मुंबईच्या कामगाराला रविवार मागून घ्यावा लागला.

नारायण मेघाजी लोखंडे हे त्या मागणीमागचं नाव. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेलं असल्यामुळे आतली परिस्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात! दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची सोय.

अर्धा तास जेवायला मिळावा म्हणून साडेपाच हजार माणसांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या, हे डेस्कवर डबा उघडून एका हाताने मेल टाइप करताना आठवून बघण्यासारखं आहे.

पुढची सहा वर्षं अर्ज, निवेदनं, सभा चालू राहिल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनी भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. लोखंडे १८९७ मध्ये, मुंबईत प्लेगची साथ चालू असताना त्याच रोगाने गेले. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

स्टॉपवॉच घेतलेला माणूस

आता थोडं मुंबईबाहेर जाऊ, कारण गिरणगावातली पुढची मोठी लढाई ज्या विचारावरून झाली तो अमेरिकेत तयार झाला.

फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर पोलादाच्या कारखान्यांत हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजत असे. वाकायला किती सेकंद, उचलायला किती, चालायला किती. फालतू हालचाल काढून टाकायची आणि प्रत्येक कामाची 'एकच उत्तम पद्धत' ठरवायची. १९११ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. आजच्या टाइम-ट्रॅकिंग ॲपपासून 'मॉर्निंग रूटीन'च्या व्हिडिओपर्यंत सगळ्यांच्या वंशावळीत हा माणूस कुठेतरी सापडतो.

त्याची आवडती गोष्ट होती 'श्मिट' नावाच्या मजुराची. हा मजूर लोखंडाचे ठोकळे वाघिणीत चढवत असे. इतर मजूर दिवसाला साधारण साडेबारा टन चढवायचे. टेलरच्या पद्धतीने श्मिटने साडेसत्तेचाळीस टन चढवले. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. टेलरला ही दोघांच्याही फायद्याची गोष्ट वाटत होती. नंतरच्या अभ्यासकांनी या गोष्टीत बरीच मीठमिरची आहे असं दाखवून दिलं. पण टेलरचेच आकडे खरे मानले तरी काम जवळजवळ चौपट वाढलं आणि मजुरी साठ टक्के. मधला फरक कुठे गेला, हे पुस्तकाला विचारावंसं वाटलं नाही.

कामगारांना मात्र वाटलं. १९११ मध्येच वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात स्टॉपवॉच आल्यावर साचेओतकाम करणारे कामगार बाहेर पडले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी केली आणि पुढे सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर कित्येक वर्षं बंदी राहिली.

तिसरा साचा

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरण्यांना बरे दिवस आले, पण १९२० चं दशक पुढे सरकलं तशी मंदी आली. जपानी कापड स्वस्त पडत होतं. मालकांची अडचण खोटी नव्हती. १९२६-२७ मध्ये सरकारने नेमलेल्या टॅरिफ बोर्डानेही कार्यक्षमता वाढवण्याचा सल्ला दिला. त्यातून 'एफिशियन्सी'ची योजना आली आणि ससून गटाच्या गिरण्यांत ती राबवायला सुरुवात झाली.

योजना सांगायला सोपी होती. मुंबईत विणकर दोन माग चालवत असे. गिरणीच्या भाषेत मागाला 'साचा' म्हणत. आता दोनऐवजी तीन साचे चालवायचे. सूतकताईतही एका माणसाकडे पूर्वीच्या दुप्पट काम. विणकराला कापडाच्या मापावर पैसे मिळत. तीन साच्यांवर त्याची एकूण कमाई थोडी वाढणार होती, पण प्रत्येक साच्यामागे मिळणारे पैसे कमी होणार होते.

कागदावर मांडून बघू. समजा एका गिरणीत ९०० साचे आहेत. दोघांच्या हिशेबाने ४५० विणकर लागतात. तिघांच्या हिशेबाने ३०० पुरतात. कापड तेवढंच निघतं. राहिलेल्या तीनशेंना थोडे जास्त पैसे आणि बरीच जास्त धावपळ मिळते. दीडशे जण गेटवर उभ्या असलेल्या 'बदली'वाल्यांच्या गर्दीत जातात. ही गर्दी रोज पहाटे असेच, कुणाचा खाडा झाला तर आपल्याला दिवस मिळेल या आशेवर आलेली. म्हणजे ज्याने झपाट्याने काम केलं त्याने आपल्याच शेजाऱ्याची जागा खाल्ली. शेजारी म्हणजे बहुतेक वेळा गाववाला, एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारा.

कामगारांचा दुसरा मुद्दा कामाच्या आतला होता. साचा किती वेळा थांबतो हे विणकराच्या हातावर कमी आणि सुतावर जास्त अवलंबून असतं. हलका कापूस वापरला की सूत तुटतं. सूत तुटलं की साचा थांबवून ते जोडावं लागतं. तीन साच्यांवर असं सूत दिलं तर माणूस दिवसभर नुसता धावत राहणार आणि कापड कमी भरलं की पैसे त्याचेच कापले जाणार. कापूस घेताना वाचवलेले पैसे मालकाचे होते, पण त्यापायी गेलेली मिनिटं विणकराच्या नावावर पडत होती. आपल्याकडे लॅपटॉप संथ असतो, मंजुरी तीन दिवस अडकते आणि शेवटी 'टाइम मॅनेजमेंट सुधार' असं आपल्याला सांगितलं जातं, त्याचीच ही जुनी आवृत्ती.

१९२८ च्या एप्रिलमध्ये संप पसरला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन याच संपात जन्माला आली. श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, आर. एस. निंबकर यांच्याबरोबर अर्जुन आळवे आणि कासले यांच्यासारखे गिरणीतूनच आलेले पुढारी होते. ना. म. जोशींसारखे मवाळ नेतेही संयुक्त संप समितीत आले. सतरा मागण्या होत्या. कामाच्या पद्धतीत असे बदल कामगारांना न विचारता एकतर्फी करू नयेत, हा त्यांचा गाभा होता. काम झटपट करायला कामगारांची ना नव्हती. झटपट केल्याचा फायदा कसा वाटायचा, हे ठरवताना आम्हीही टेबलावर असलो पाहिजे, असं ते म्हणत होते.

शेवटी चौकशी समिती नेमण्याच्या अटीवर संप मिटला. प्रश्न मिटला नाही. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढाऱ्यांना अटक झाली. त्याच वर्षी पुन्हा संप झाला आणि तो फसला. त्यानंतरच्या दशकात जादा साच्यांची पद्धत हळूहळू गिरण्यांत शिरत गेली.

धोट्यावरचे ओठ

या गोष्टीत कामगार सगळे एका बाजूला होते असं लिहून थांबलो तर ते अर्धंच होईल.

मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालून तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी विणकर भोकाला तोंड लावून सूत ओढून घेत. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच रीत होती. दोन-चार सेकंद वाचवणारी क्लृप्ती, आजच्या भाषेत 'हॅक'. तीत तोंडात तंतू जात आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागे.

मुंबईत या हॅकला जात चिकटली. धोट्याला लागलेली थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते म्हणून सवर्ण विणकरांनी दलित कामगारांना विणकामाच्या खात्यात येऊ दिलं नाही. आणि विणकाम हे गिरणीतलं चांगल्या कमाईचं खातं होतं. दलित कामगारांना सूतकताईसारख्या कमी पगाराच्या खात्यांतच राहावं लागलं. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या खात्यात आम्हाला शिरूच दिलं जात नाही, तिथल्या दोन साचे की तीन साचे या भांडणात आमच्या माणसांनी उपाशी का राहायचं, असा तो प्रश्न होता. संपाच्या पुढाऱ्यांकडे त्याला धड उत्तर नव्हतं.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात त्या काम करत. पाळी सुटली की घरी दुसरी पाळी सुरू व्हायची. कित्येक जणी खानावळ चालवत आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवू घालत. या खानावळी नसत्या तर गिरण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार मिळाले नसते. पण कुठल्याही स्टॉपवॉचने ती भाकरी मोजली नाही. उरक हा शब्द आपण जास्त करून बायकांसाठी वापरतो, याचं कारण मला हे सगळं वाचल्यावर नीट कळलं.

साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस

तरीही काहीतरी जिंकलं गेलं. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दिवसाचे तास बारावरून दहा झाले. १९२२ च्या कायद्याने कारखान्यांत आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने चोपन्न तासांची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळात १९४६ ची दुरुस्ती झाली आणि मर्यादा अठ्ठेचाळीस तासांवर आली.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी देशातल्या तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं. त्यावर भरपूर मीम आले. मला मात्र १९२२ चा आकडा आठवला. इंग्रज सरकारच्या कायद्याने एकशे एक वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कामगाराकडून घेता येणारं जास्तीत जास्त काम साठ तासांचं ठरवलं होतं.

आणि जास्त तास म्हणजे जास्त काम, हे गणितही जुनं होऊन गेलंय. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत अभ्यासकांनी मोजून पाहिलं. तास कमी केल्यावर एकूण उत्पादन घटलं नाही, काही कामांत तर ते वाढलं. थकलेला माणूस चुका करतो, चुका निस्तरण्यात वेळ जातो. हेन्री फोर्डने १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा सुरू केला तो काही कनवाळूपणातून नव्हे.

खिशातला मुकादम

मग आपल्यापर्यंत काय आलं? टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून 'पोमोडोरो' हे नाव देणारा फ्रान्चेस्को चिरिलो हा १९८० च्या दशकातला इटालियन विद्यार्थी होता. अभ्यासात मन लागत नाही म्हणून त्याने स्वतःसाठी ही युक्ती काढली. वाचलेला वेळ त्याचाच होता. तीच युक्ती ऑफिसात आली की मालकी बदलते. टेलरच्या काळात स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात होतं. ते दिसायचं, म्हणून त्याच्याशी भांडता यायचं. आता ते आपल्याच खिशात आहे, मुकादम आपणच आणि खाडा मांडणारेही आपणच. काम उरलं की आपण ससूनच्या योजनेला नाव ठेवत नाही, स्वतःला आळशी म्हणतो.

टायमर मी सोडलेला नाही. पंचवीस मिनिटं सलग काम केल्याने डोकं खरंच शांत राहतं. बदललंय ते पुढचं. त्या नव्या प्रोजेक्टबद्दल मी एक दिवस बॉसशी बोललो. हे घेतो, पण मग जुन्यातलं काय कमी करायचं, की पगाराचं बोलायचं, एवढंच विचारलं. आवाज थोडा कापत होता. बाजूला बसणाऱ्या दोघांनाही आधी सांगून ठेवलं होतं, कारण माझा स्पीड उद्या त्यांचं टार्गेट होणार होता. जुन्या कामातलं एक रिपोर्टिंग कमी झालं. पगाराचं 'बघू' आहे.

परवा साडेसहाला निघालो. खाली कॅफेत गर्दी होती. चिमणीवर अजून ऊन होतं.